बाटलीतले जिवाणू आणि बाहेरकाठा

पेरणीआधी भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकायची आमच्या कर्जतकडे पद्धत आहे. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून कोंबड्यांना घालायचे. भरलेले दाणे तळाशी बसतात, ते दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचे. कृषी सहायक सांगतात, वडीलधारे सांगतात, त्यामुळे त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नव्हतं. मग एकदा सहज हिशेब केला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आमच्या बादलीत ३०. म्हणजे दर वर्षी आम्ही घाटपायथ्याचे शेतकरी आपलं बियाणं काही मिनिटांसाठी जवळपास समुद्रातच बुडवून काढतो, आणि त्या बियाण्याला काही होत नाही. मात्र तेच बी तितक्या खारट चिखलात पेरलं तर त्यातून काहीही उगवणार नाही.

हा हिशेब मी ज्याच्यासाठी केला तो माझा आतेभाऊ. आत्या दिली पेण तालुक्यात, खारेपाटात. खाडीपासून शेत हाकेच्या अंतरावर. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, शेतावर अजून स्वतः उतरणारा. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तो एक लिटरची पांढरी बाटली पिशवीत घालून माझ्याकडे आला. बाटलीवर हिरवंगार शेत, खाली ठळक अक्षरांत ‘जमिनीतील क्षार नष्ट करते’. एक विक्रेता गावात येऊन सभा घेऊन गेला होता. एकरी तीन बाटल्या. चौदा जणांच्या गटाने बाहेरकाठ्याच्या दुरुस्तीसाठी काढलेली वर्गणी होती, तिच्यातून या बाटल्या घ्याव्यात असं अर्ध्या लोकांचं म्हणणं.

‘‘तू जंतूंचाच धंदा करतोस ना,’’ दादा म्हणाला. ‘‘खरं काय ते सांग.’’

धंदा म्हणजे नोकरी. खालापूर पट्ट्यातल्या एका औषध कारखान्यात मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. जिथे जिवाणू नसायला हवेत तिथे ते नाहीत ना, एवढंच वर्षभर बघायचं. जिवाणू असलेले बरे अशी जागा माझ्या आयुष्यात एकच, घरची सव्वा एकर भातजमीन. तीही गोडी. आम्हाला खाराचं काय कळणार?

तरी नातं आहे, आणि ते पाण्याचंही आहे. खोपोलीला १९१५ पासून टाटांचं वीजघर आहे. घाटावरच्या तलावांचं पाणी नळांतून खाली कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि पाताळगंगेला मिळतं. माझी कंपनीची बस त्या नदीला रोज दोनदा ओलांडते. तिकडे कर्जतमध्ये भिवपुरीचं वीजघर, १९२२ चं. त्याच्यातून सुटलेल्या पाण्यावर राजनाला चालतो आणि आमच्या तालुक्यातली काही गावं उन्हाळ्यातसुद्धा भात काढतात. ते पाणी उल्हासवाटे उत्तरेला जातं. पाताळगंगा मात्र खालापूर सोडून पश्चिमेला वळते आणि धरमतरच्या खाडीला मिळते. धरमतरच्याच पाण्याला अडवून दादाचं शेत उभं आहे. जून ते सप्टेंबर नद्यांमुळे खाडी गोडावते. उन्हाळ्यात समुद्र आत येतो.

कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, १९१९ पासूनचं. ‘कर्जत’ नावाने निघालेले वाण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लावतो. पण खारासाठी त्याच विद्यापीठाचं, म्हणजे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, वेगळं केंद्र पनवेलला आहे: खार जमीन संशोधन केंद्र. एका जिल्ह्यात भाताची दोन केंद्रं का, असं मला लहानपणी वाटायचं. उत्तर शेतात उतरल्यावर मिळतं. भात हे तसं मिठाला नाजूक पीक. जमिनीतल्या क्षारांचं मोजमाप विद्युतवाहकतेवर करतात. चारच्या वर आकडा गेला की जमीन ‘क्षारयुक्त’ म्हणायची. भाताचं उत्पादन तीनलाच घसरायला लागतं. बी रुजताना ते सोसतं, फुटवे येतानाही बऱ्यापैकी सोसतं, पण कोवळं रोप असताना आणि फुलोऱ्यात असताना ते मिठाला अजिबात उभं राहत नाही. म्हणजे खारातल्या शेतकऱ्याला वर्षातून दोनदा जीव मुठीत धरावा लागतो. एकदा जुलैच्या सुरुवातीला, पावसाने वरचा थर पुरेसा धुतला का म्हणून. आणि पुन्हा सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस लवकर गेला तर. कारण पाऊस गेला, ऊन तापलं, की खालचं खारं पाणी मातीच्या बारीक केसनळ्यांतून वर चढतं, वरचं पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं. नेमका तेव्हाच फुलोरा.

आत्याला यातलं केसनळ्या वगैरे काही माहीत नाही. ती म्हणते, ‘‘मीठ मरत नाय, बाला. ते येतं नायतर जातं.’’

रसायनशास्त्रातली इतकी अचूक गोष्ट बाटलीवर छापायला हवी होती. सोडियम हे मूलद्रव्य. जिवाणू साखर खातील, तेल खातील, आमच्या कारखान्यात तर ते साफसफाईचं द्रावणसुद्धा खायला बघतात. पण सोडियम खाऊन कुणी संपवू शकत नाही. ‘नष्ट करते’ हे वाक्य तिथेच निकालात निघालं. पण म्हणून बाटली टाकाऊ, असं मी दादाला सांगितलं नाही. कारण जिवाणू मीठ नष्ट करत नसले तरी मिठात अडकलेल्या रोपाला मदत करतात, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलेलं आहे.

कशी करतात, हे मला स्वतःला फार मनोरंजक वाटतं. रोपाला ताण आला, दुष्काळाचा, मिठाचा, कशाचाही, की ते इथिलीन वायू बनवतं. केळी पिकवतो तोच. थोडा असेल तर उपयोगी, जास्त झाला की मुळांची वाढ थांबते, पानं म्हातारी होतात. म्हणजे मीठ जितकं नुकसान करतं त्यात रोपाच्या स्वतःच्या घाबरण्याची भर पडते. काही जिवाणूंकडे असं विकर असतं जे इथिलीनचा कच्चा माल मुळांपाशीच तोडून खाऊन टाकतं. कॅनडातल्या बर्नार्ड ग्लिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ही कल्पना नीट मांडली. पुढे २००४ मध्ये इस्रायलच्या अरावा खोऱ्यातल्या कोरड्या नदीपात्रांतून काढलेला एक जिवाणू टोमॅटोच्या रोपांना लावला, तर खाऱ्या पाण्यातही ती लक्षणीय वाढली. दुसरे काही जिवाणू स्वतःभोवती चिकट शेवाळासारखा लेप तयार करतात, त्यात सोडियम अडकून राहतो. तिसरे स्फुरद विरघळवून देतात, चौथे हवेतला नत्र धरतात. कर्नालच्या केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेने क्षार सोसणाऱ्या अशा जिवाणूंची खतं तयार केली आहेत, मुख्यतः उत्तरेतल्या चोपण जमिनींसाठी. चोपण आणि खार हे वेगळे आजार आहेत. आणि सांगली-कोल्हापूरकडे उसाला पाणी पाजून पाजून झालेली क्षारपड हा तिसरा. दुकानदार तिघांना एकच बाटली देतो.

टोमॅटोच्या प्रयोगात एक मेख आहे. तो कुंड्यांत होता, आणि टोमॅटो पाण्यात उभा राहत नाही. भात उभा राहतो, आणि ते जमावं म्हणून त्याला इथिलीन लागतंच. मुळांत हवेच्या पोकळ्या तयार करायला, बुडाल्यावर वर यायला. मग भाताचं इथिलीन कमी करणं चांगलं की वाईट? किती कमी, केव्हा कमी, यावर ते ठरणार. एवढं सगळं बाटलीवर मावत नाही, हे मान्य.

बाटली मी कॉलेजात शिकवणाऱ्या एका मित्राकडे नेली. साधी पद्धत: पातळ करत जायचं, पोषक जेलीवर पसरायचं, दोन दिवस उबेत ठेवायचं, वसाहती मोजायच्या. एक जेली नेहमीची, एक तीन टक्के मिठाची, एक सहा टक्के मिठाची. पहिल्या दोन्हींवर भरगच्च वाढ. सहा टक्क्यांवर तुरळक. म्हणजे आत जिवंत जिवाणू होते आणि ते खाडीच्या पाण्याला भिणारे नव्हते. मला खोटी बाटली निघेल असं वाटलं होतं, निघाली नाही. खोटं होतं ते फक्त लेबल. त्याने प्रश्न सोपा व्हायच्या ऐवजी अवघड झाला.

मग दादासमोर बसून कागदावर आकडे मांडले. द्रवरूप जिवाणू खतात मिलिलिटरमागे किमान दहा कोटी जिवाणू असावेत असा सरकारी निकष आहे. लिटरभर बाटलीत झाले एक लाख दशलक्ष. ऐकायला अफाट. आता एक एकर जमिनीचा वरचा वीतभर थर घ्या. त्याचं वजन साधारण आठ लाख किलो. भागाकार केला तर मातीच्या एका ग्रॅममध्ये बाटलीतले सव्वाशे जिवाणू येतात. त्याच ग्रॅममध्ये आधीपासून राहणारे कोट्यवधी असतात, त्या मातीत, त्या मिठात पिढ्या काढलेले. सव्वाशे परगावचे पाहुणे तिथे काय करणार?

‘‘म्हणजे फुकट,’’ दादा म्हणाला.

शेतभर फवारलं तर जवळजवळ फुकट. पण तेच पाव लिटर दहा किलो बियाण्याला चोळलं तर? भाताचे दहा किलो म्हणजे अंदाजे चार लाख दाणे. एका दाण्याच्या वाट्याला साठ हजारांवर जिवाणू. मूळ फुटतं ते थेट त्यांच्या अंगावरून. हे पाहुणे निदान दारातच उभे राहतील. विक्रेत्याने एकरी तीन बाटल्या जमिनीत ओता म्हणून सांगितलं होतं. बियाण्याला किंवा रोपाच्या मुळांना लावायला एका बाटलीत काम भागत होतं. त्याने असं का सांगितलं ते उघड आहे.

एवढ्यात आत्या मधे बोलली. ती इतका वेळ माजघरात मोरस निवडत होती. मोरस म्हणजे खाडीकाठी उगवणारी, बारीक रसाळ पानांची भाजी. दोन पाणी काढून टाकलं तरी आमटीत मीठ घालावं लागत नाही. ती म्हणाली, ‘‘मग मीठ खानारा झार लावा ना, ही मोरस लावा.’’ झार म्हणजे झाड. चेष्टेने म्हणाली, पण तिची सूचना संशोधकांनी खरोखर करून पाहिलेली आहे. तमिळनाडूत २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोरस आणि समुद्रकाठची आणखी एक वेल चार महिन्यांत हेक्टरी साधारण ५०० किलो मीठ पानांत साठवून जमिनीतून उचलतात असं दिसलं. झाडं कापून बाहेर नेली की मीठही गेलं. पाचशे किलो! मी भारावलो होतो. मग पुन्हा कागद. समजा बांध फुटला आणि उधाणाचं पाणी एका हेक्टरवर चार बोटं, म्हणजे दहा सेंटिमीटर उभं राहिलं. ते झालं दहा लाख लिटर. लिटरला ३० ग्रॅम धरले तरी तीस टन मीठ. एका भरतीत. आत्याच्या मोरसला ते उपसायला साठ हंगाम लागतील.

तीस टन मीठ धुऊन नेणारा एकच मजूर आपल्याकडे आहे, आणि तो म्हणजे पाऊस. तोही तेव्हाच, जेव्हा बाहेरची भरती अडलेली असते आणि आतलं पाणी बाहेर जाऊ शकतं. त्यासाठीच बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा मातीचा बांध, आणि त्यातली उघाडी. उघाडीचं दार मला फार आवडतं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ढकलतं आणि दार बाहेर उघडतं; भरतीला खाडी ढकलते आणि दार बंद होतं. ना वीज, ना पहारेकरी.

वाणाची गोष्ट इथेच सांगायला हवी. खारात पूर्वी राता लावत. काळा राता, भुरा राता. उंच वाढणारा, वाऱ्याने लोळणारा, कमी पिकणारा, लाल तांदळाचा, पण खार सोसणारा. संशोधकांनी त्यातून निवडलेले ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ हे प्रकार जगभरच्या भाताच्या अभ्यासांत नोंदलेले आहेत. फिलिपाइन्समधून १९६६ मध्ये आलेला बुटका आयआर-८ आणि आपला भुरा राता यांच्या संकरातून पनवेलचा ‘पनवेल-१’ झाला. उंची आयआर-८ ने उतरवली, खार रात्याने सांभाळला. केरळच्या पोक्कळी आणि बंगालच्या नोना बोकरा या भातांमध्ये खार सोसण्याचं गुपित जनुकांपर्यंत शोधलं गेलं आहे. नोना बोकरातलं एक जनुक २००५ मध्ये सापडलं. ते मुळांकडून वर चढणाऱ्या रसातून सोडियम काढून घेतं, पानांपर्यंत पोचू देत नाही. म्हणजे तेही एक उघाडीच. मात्र पाणी सतत आत येत राहिलं तर दोन्ही उघाड्यांचा उपयोग नाही. पनवेल-१ खार सोसतो याचा अर्थ एवढाच की पाऊस पंधरा दिवस उशिरा आला किंवा लवकर गेला तर तो तग धरतो. समुद्रात तो वाढत नाही.

पण बाहेरकाठा कुणाचा? खारेपाटातला प्रत्येक वाद शेवटी इथेच येतो. पूर्वी जोळ असे. ज्यांची शेतं एका बांधाच्या आड, ते सगळे उन्हाळ्यात माती घालायला यायचे, खांड पडली तर रात्री-अपरात्री कंदील घेऊन जायचे. त्या काळाचं कौतुक करायला मी तयार नाही. ती जमीन खाडीतून कष्टाने काढली कुळांनी आणि अर्धी रास नेली खोतांनी. त्याविरुद्ध शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ जमिनी न कसण्याचा संप केला. सहा वर्षं. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनी कायदेमंडळात मांडलं. पुढे कुळकायदा आला, खार जमिनींसाठी १९४८ चा आणि नंतर १९७९ चा कायदा आला, मोठे बांध सरकारकडे गेले. जमीन कसणाऱ्याची झाली हे योग्यच झालं. पण त्याच काळात जोळ विरत गेली, आणि फुटलेला बांध म्हणजे कुणाच्या तरी टेबलावरची फाइल असं समीकरण रुळलं.

फाइल थांबते, भरती थांबत नाही. दोन पावसाळे खारं पाणी आत राहिलं की तिवर उगवते. तिवर वाईट नव्हे. बांधाच्या बाहेर ती असली तर लाटांचा मार तीच झेलते. पण एकदा शेतात कांदळवन उभं राहिलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून त्याला हात लावता येत नाही. कागदावर शेत, प्रत्यक्षात जंगल. मग मालक विकायला तयार होतो, आणि घेणारे तर रांगेत उभे आहेत. याच पेण तालुक्यात हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ ला सेझसाठी जमीन द्यायची का यावर मत दिलं होतं. दादा तेव्हा रांगेत होता. तेव्हा राखलेली जमीन आता एका खांडीपायी जाणार असेल तर, तो म्हणतो, ते मत कशाला दिलं?

गटाच्या बैठकीला मी गेलो. देवळाच्या ओट्यावर, संध्याकाळी. मी आकडे सांगितले. एका तरुणाने विचारलं, जिवाणू चांगले आहेत हे तुम्हीच म्हणता, मग विरोध कशाला? विरोध नव्हताच. मी म्हटलं, पैसे एकदाच खर्च होणार आहेत. आधी मीठ येणं थांबवा, पावसाला ते धुऊ द्या, मग उरलेल्या मिठात रोपाला मदत करायला वाण आहे आणि जिवाणू आहेत. उलट क्रमाने केलंत तर आधी बाटली वाहून जाईल, मग शेत. एक म्हातारे बाबा म्हणाले, ‘‘हे सांगाया कारखान्यातला मानूस कशाला लागतो?’’ सगळे हसले, मीही हसलो. खरंच लागत नव्हता. त्यांना बहुधा बाटलीला नाही म्हणण्यासाठी बाहेरचं कुणीतरी हवं होतं, आणि नातेवाईक असला की राग कमी येतो.

वर्गणी बांधाला गेली. पोकलेन दोन दिवस भाड्याने आणला, उरलेलं हातांनी. सगळे चौदा आले नाहीत, नऊ आले. बियाण्यासाठी सगळ्यांत मिळून एकच बाटली घेतली. दादाने पनवेलचं बियाणं आणलं. दोन वाफ्यांना बाटलीतलं चोळलं आणि दोन वाफे माझ्या सांगण्यावरून तसेच ठेवले, ओळखीला कोपऱ्यात काठ्या रोवून. शेतात गिरीपुष्पाचा पाला कुजवला, तो मात्र सगळीकडे. तिथले कोट्यवधी मूळ रहिवासीही उपाशीच असतात, त्यांना काही खायला घालावं असं मला वाटत होतं.

पहिल्या वर्षी जिवाणू चोळलेल्या वाफ्यांतली रोपं तीन आठवड्यांनी डोळ्यांना थोडी हिरवी दिसली. लावणीनंतर तो फरक मला दिसेना. दादा म्हणतो दिसत होता. काठ्या कुणीतरी चुलीला नेल्या, त्यामुळे कापणीच्या वेळी वाद मिटवायला काही उरलं नाही. बांधाच्या बाबतीत मात्र काठ्यांची गरज पडली नाही. आत आणि बाहेर यांतला फरक रस्त्यावरून दिसत होता. पलीकडच्या, खांड न बुजवलेल्या पट्ट्यात गुडघाभर तिवर उभी होती.

या वर्षी दादाने चार वाफे मोजून आखले आहेत आणि खुणेला काठ्यांऐवजी दगड पुरले आहेत. उघाडीचं दार खालून कुजलंय, ते पाऊस लागण्याआधी बदलायचं आहे. सागाची फळी महाग पडते म्हणून त्याने मला विचारलंय, तुमच्या कर्जतच्या बाजूला कुणाकडे जुन्या घराची लाकडं निघत असली तर बघ. आमच्या वाडीत एक घर पडायला आलंय, त्याची तुळई चांगली आहे. रविवारी घरमालकांकडे जाऊन येतो.